पाहुण्याचा शब्द

वर्तमानपत्रात 'चमत्कार' हा शब्द सहसा एकटा फिरत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेरी अवतरणचिन्हे उभी असतात, आरोपीला कोर्टात आणताना दोन हवालदार असतात तशी. गॅलरीतून पडलेले मूल सुखरूप राहिले की 'चमत्कार'. कातळावरच्या कोरड्या विहिरीला भर मे महिन्यात पाणी लागले की 'चमत्कार'. पणजीतल्या एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर मी बरीच वर्षे काढली आहेत आणि ही चिन्हे स्वतःच्या हाताने टाकली आहेत, तेव्हा त्यांचे मर्म मला ठाऊक आहे. शब्द वापरायचा, वाचकाला त्याची गोडी लावायची आणि जबाबदारी मात्र 'लोक म्हणतात' या तिसऱ्याच कुणाच्या गळ्यात घालायची. क्रीडा पानावर हीच चिन्हे गळून पडतात. शेवटच्या षटकात वीस धावा निघाल्या की चमत्कार बिनदिक्कत छापला जातो, कोणी हरकत घेत नाही. जाहिरातींची तऱ्हा आणखी निराळी. मधुमेहावर 'चमत्कारी' औषध घेऊन कोणी आला तर 1954 चा केंद्राचा कायदा आडवा येतो, कारण जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवर त्याने बंदी घातलेली आहे. एकाच अंकात एकच शब्द तीन पानांवर तीन नियमांनी वागतो.

हा शब्द मुळात आला कुठून, हे बघायला निघाले तेव्हा वाटले होते की एखाद्या देवळात, निदान ऋषीच्या आश्रमात तरी जाऊन पोचेन. पोचले ती स्वयंपाकघरात.

संस्कृतात फूत्कार आहे, सीत्कार आहे, चीत्कार आहे, हुंकार आहे. या सगळ्यांत आधी एक आवाज आणि मग 'कार', म्हणजे तो आवाज करणे. चमत्कार त्याच पंगतीतला. 'चमत्' असा आवाज करणे. हा कसला आवाज, तर जीभ टाळूला चिकटवून चटकन सोडली की होतो तो. काहीतरी झणझणीत, रुचकर तोंडात पडले की आपसूक निघणारा. संस्कृत काव्यशास्त्राचे मोठे अभ्यासक व्ही. राघवन यांनी हा तर्क मांडला आणि मला तो पहिल्या वाचनातच पटला, कारण तो आवाज मी रोज ऐकते. आई बांगड्याचे हुमण ढवळून पळी बाहेर काढते, डाव्या तळहातावर एक थेंब पाडते, चाटते. मग क्षणभर काही नाही. मग 'च्यक्'. त्या एका आवाजात मीठ, आंबट, तिखट यांचा सगळा हिशेब होतो आणि वर "तिरफळां दोन कमी पडली" असा निकालही लागतो.

काश्मीरच्या अभिनवगुप्ताने हजारएक वर्षांपूर्वी नाट्यशास्त्रावर टीका लिहिताना हा शब्द उचलला. आस्वादात गढून गेलेल्या माणसाच्या मनाचे जे काही होते, त्याला तो चमत्कार म्हणतो, आणि त्या माणसासाठी 'भुञ्जान' असा शब्द घालतो. भुञ्जान म्हणजे भोगणारा, आणि जेवणाराही. पुढे साहित्यदर्पणकार विश्वनाथाने आपल्या घराण्यातल्या नारायण नावाच्या पंडिताचे मत नोंदवले आहे: सगळ्या रसांचे सार चमत्कार, म्हणून रस खरा एकच, अद्भुत. शृंगार, करुण, हास्य ही सगळी त्याचीच रूपे. सतराव्या शतकात शाहजहानच्या दरबारातल्या जगन्नाथ पंडिताने तर शास्त्रकाराला न शोभणारी कबुली दिली. काव्यातला हा चमत्कार खरा आहे याला साक्षीदार कोण? तर अनुभव. दुसरा पुरावा नाही. वकिलाच्या दृष्टीने ही केस पहिल्याच तारखेला निकालात निघाली असती.

मराठीत या साऱ्याचा अवशेष शाळेच्या पुस्तकात उरला आहे. अलंकार शिकवताना बाई 'शब्दचमत्कृती' म्हणायच्या तेव्हा त्यात देव, संत, अंगारा यांचा मागमूस नसायचा. यमक जुळले, श्लेष साधला, कान तृप्त झाला, बस्स. एरवी मात्र शब्दाने घर बदलले. चाखणाऱ्याच्या तोंडातला आवाज उठून बाहेरच्या घटनेवर जाऊन बसला. चमत्कार आता आपण करत नाही, कोणीतरी करतो आणि आपण हात जोडतो. 'चमत्काराशिवाय नमस्कार नाही' ही म्हण या नव्या घरातली. माणसाला 'चमत्कारिक' म्हणतो तेव्हा तर कौतुकही आटून गेलेले असते. शेजारचे काका चमत्कारिक आहेत म्हणजे ते पाण्यावर चालत नाहीत, पार्किंगवरून भांडतात.

नातेवाईक शब्द तपासले तर मौज वाढते. 'आश्चर्य' शब्द कसा घडला ते पाणिनी एका दोन पदांच्या सूत्रात सांगतो: 'आश्चर्यमनित्ये'. जे नित्याचे नाही त्याला आश्चर्य म्हणायचे. घटना अशक्य असायची गरज नाही, रोजची नसली की पुरे. 'नवल' तर उघडच 'नव'मधून आले आहे. म्हणजे बघणाऱ्याला ते नवे आहे, करणाऱ्याला जुने असू शकते. आणि अद्भुत? ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात इंद्र आणि अगस्त्य यांचा एक खटका आहे. आपल्यासाठी मांडलेला हवि दुसरीकडे वळवला जातोय असे दिसल्यावर इंद्र कुरकुरतो: आज नाही, उद्याही नाही, 'कस्तद्वेद यदद्भुतम्', जे अद्भुत आहे ते कोणाला कळले आहे? वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या यास्काने त्याचा अर्थ लावला 'अभूतमिव', जणू झालेच नाही असे. देवांच्या राजाच्या तोंडी हा शब्द पहिल्यांदा ऐकू येतो तो असा, हक्काचे ताट हुकले त्या रागात.

गोव्यात राहणाऱ्याला या यादीत आणखी एक नाव घालावे लागते. पोर्तुगीजांचा 'मिलाग्र'. त्याच्या मुळाशी लॅटिन क्रियापद आहे ते नवलाने बघण्याचे, आणि पोर्तुगीजमध्ये त्याच कुळातले 'मिरार' म्हणजे नुसते बघणे. पुन्हा तेच. शब्द कुठलाही घ्या, तो बघणाऱ्याच्या बाजूने घडलेला आहे. घटनेच्या पोटात शिरून तिथून बोलणारा शब्द यात एकही सापडत नाही.

ज्ञानेश्वरांनी हे एका ओवीत किती सहज सांगून टाकले आहे. अकराव्या अध्यायाच्या उंबरठ्यावर, विश्वरूप दिसायच्या आधी, ते म्हणतात: 'जेथ शांताचिया घरा । अद्भुत आला आहे पाहुणेरा'. शांतरसाच्या घरी अद्भुत पाहुणचाराला आला आहे. घर शांताचे आहे. अद्भुत चार घटका बसणार, मान घेणार, आणि आपल्या वाटेने जाणार. एकदा हा 'पाहुणेरा' डोक्यात बसला की गोव्यातली बरीच ठिकाणे मला निराळी दिसू लागतात.

म्हापशाचे घ्या. तिथल्या सांव जेरोनिमच्या चर्चला सगळे मिलाग्रीसची इगर्ज म्हणूनच ओळखतात. ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी सायबिणीचे, म्हणजे मेरी मातेचे, फेस्त भरते. रांगेत कुंकू लावलेल्या बायका आणि गळ्यात खुरीस घातलेल्या बायका मागेपुढे उभ्या असतात, दोघींच्या हातांत तेलाच्या बाटल्या. इथल्या श्रद्धेत मिलाग्रीस ही सात देवी-बहिणींपैकी एक. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाय या तिच्या सख्ख्या बहिणी, आणि खेतोबा भाऊ. लईराईच्या देवळातून आणि या इगर्जीतून एकमेकींच्या उत्सवाला तेलाची, मोगरीच्या फुलांची भेट जात आली आहे, असे सांगतात. बाहेरून आलेला लेखक या जागी थबकतो आणि 'धार्मिक सलोख्याचा चमत्कार' असे लिहून मोकळा होतो. अशा मजकुरातून मी तो चमत्कार निमूटपणे कापत आले आहे. तेलाची बाटली घेऊन उभी असलेली म्हापशाची बाई सलोखा करायला आलेली नसते. ती लईराईच्या बहिणीला तेल घालायला आलेली असते. नात्याने गोष्ट सरळ लागते, मग नवल कशाचे करायचे?

मला सर्वांत जास्त शिकवले ते नेत्रावळीच्या बुडबुड तळीने. सांगे तालुक्यात, गोपीनाथाच्या देवळाजवळ, चारी बाजूंनी पायऱ्या असलेली लहानशी तळी. हिरवट, स्वच्छ पाणी. तळाकडून बुडबुड्यांच्या माळा वर येत राहतात, एक इथून, एक तिथून, काही बारीक मोहरीएवढे, काही टपोरे. पृष्ठभागावर आले की फुटतात आणि पाण्यावर लहान वर्तुळ उमटून विरते. टाळ्या वाजवल्या की बुडबुडे वाढतात, असे म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा मुंबईच्या एका कुटुंबाने नुसता उच्छाद मांडला होता. वडील मोबाईल धरून, मुले पायरीवर बसून टाळ्या कुटत, आणि आई दर बुडबुड्याला "आला, आला!" तळातून वायू निघतो हे तिथे प्रत्येकाला माहीत होते. लहान मुलालासुद्धा. तो बापाला समजावत होता, "पप्पा, गॅस आहे खाली." आणि तरी टाळ्या थांबत नव्हत्या.

वरच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ काठी मांडीवर आडवी ठेवून बसले होते. मी त्यांना विचारले, खरेच टाळ्यांनी येतात का हो? ते कोंकणीत म्हणाले, "ताळयो मारल्यार येतात. मारूंक नात जाल्यारूय येतात." वाजवल्या तर येतात, नाही वाजवल्या तरी येतात. आणि पुन्हा पाण्याकडे नाही, रस्त्याकडे बघत बसले. त्यांची बस यायची होती.

या उत्तरावर मी परतीच्या वाटेवर पुष्कळ विचार केला. त्यांनी टाळ्यांची गोष्ट खोटी ठरवली नव्हती आणि खरीही ठरवली नव्हती. ती त्यांच्या कामाचीच नव्हती. स्पष्टीकरण मिळाले की चमत्कार मरतो, असे आपण धरून चालतो. पण त्या मुंबईकर मुलाकडे स्पष्टीकरण होते आणि चमत्कारही होता, दोन्ही एकाच वेळी. म्हाताऱ्यांकडे चमत्कार नव्हता, आणि तो जाण्यासाठी त्यांना कुठल्या रसायनशास्त्राची गरज पडलेली नव्हती. सवयीने तो गेला होता. पाणिनीचे 'अनित्य' इथे नेत्रावळीच्या पायरीवर भेटेल असे कोणाला वाटले असते!

आमच्याकडच्या जत्रांतल्या नाटकांत हे आणखी स्वच्छ दिसते. दशावतारी कंपन्यांच्या जाहिरातीत एक शब्द मोठ्या टायपात असतो: 'ट्रिकसीनयुक्त'. म्हणजे राक्षसाचे शिर धडावेगळे होणार, नाग फणा काढून डोलणार, देवी ढगातून उतरणार. यात ट्रिक आहे हे जाहिरातीतच सांगून टाकलेले! प्रेक्षक तारा असणार हे धरूनच बसतो आणि तरी देवी उतरली की मांडवभर एकच 'च्च' उठतो. पडद्यामागे दोरी ओढणाऱ्या पोराला मात्र तो कधीच मिळत नाही. त्याला गाठ सुटेल की काय याचीच धास्ती. नाटकाच्या शेवटी नेहमी अद्भुतरस ठेवावा, असे भरतमुनी नाट्यशास्त्रात सांगतो. आमच्या दशावतारी मालकांना हे कोणी शिकवलेले नाही, पण मोठा ट्रिकसीन ते पहाटेसाठीच राखून ठेवतात.

21 सप्टेंबर 1995 च्या गुरुवारी मी शाळेत होते. देशभर गणपती दूध पिऊ लागला होता आणि डिचोलीत तो पिणार नाही असे कसे होईल! माझ्याही हातात चमचा आला. मी तो सोंडेला टेकवला. दूध काठावरून जरा फुगले, थरथरले आणि कमी होऊ लागले. मला आजही दिसते ते त्यानंतरचे: सोंडेच्या वळणावरून, पोटावरून एक पातळ पांढरी रेघ खाली तबकात चालली होती. रेघ मला दिसली, माझ्या मागच्या काकूंना दिसली, पुजाऱ्याला तर नक्कीच दिसली, तबक तोच रिकामे करत होता. आणि आमच्यापैकी कोणीही 'अरे, हे तर खाली जातंय' असे म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या सरांनी वर्गात समईवरच्या पितळी मोराला दूध पाजून दाखवले. पृष्ठताण, केशाकर्षण हे शब्द आम्ही त्या दिवशी शिकलो. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तेच दाखवले होते. फसवले गेल्याचे दुःख मात्र वर्गात कोणालाच झाले नाही. उलट मोराने दूध प्यायल्यावर आम्ही कालच्याइतक्याच जोराने ओरडलो.

या प्रसंगाला एक शेपूट आहे. सामवेदाच्या षड्विंश ब्राह्मणाच्या शेवटच्या भागाला अद्भुत ब्राह्मण म्हणतात. त्यात अद्भुतांची यादीच आहे: देवळे थरथरतात, मूर्ती हसतात, रडतात, नाचतात, त्यांना घाम फुटतो, त्या डोळे उघडतात, मिटतात. वाचताना वाटते, वा, रांगा लागल्या असतील. प्रत्यक्षात ही यादी आहे ती शांतीसाठी. असे काही दिसले तर घाबरून जा, होम करा, हे शक्य तितक्या लवकर थांबवा. वराहमिहिरही उत्पाताची व्याख्या करताना निसर्गाचे मूळ रूप बदलणे म्हणजेच उत्पात, असे म्हणतो. त्या काळच्या ऋत्विजाच्या हाती चमचा दिला असता तर त्याने तो टाकून देऊन समिधा गोळा केल्या असत्या. पाहुणा तोच, पण त्या घरात त्याला पाणीही विचारत नसत.

पणजीत जुन्या सचिवालयाच्या शेजारी, मांडवीकडे तोंड करून गेले की एक काळपट पुतळा लागतो. झग्यातला एक पाद्री दोन्ही हात पसरून वाकला आहे आणि त्याच्या पुढ्यात एक स्त्री मागे कोसळते आहे. पर्यटक त्याला गळा दाबणारा खुनी समजतात, काही जण जादूगार. तो आबे फारिया. 1756 साली कांदोळीत जन्मलेला, पंधराएक वर्षांचा असताना बापाबरोबर युरोपात गेलेला. लिस्बनच्या राजवाड्यातल्या चर्चमध्ये प्रवचनाला उभा राहिल्यावर त्याची बोबडी वळली, तेव्हा बापाने खालून कोंकणीत "ही सगळी भाजी, कातर रे भाजी" असा धीर दिला, ही दंतकथा गोव्यात पोराटोरांना ठाऊक असते. (समोरचे राजघराणे म्हणजे पालेभाजी! सभाधीटपणाचा याहून चांगला वर्ग मी पाहिला नाही.) पुतळा गोव्याचेच शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवला, 1945 पासून तो तिथे आहे.

फारियाचे मोठेपण पुतळ्यात दिसते त्याच्या बरोबर उलट आहे. त्याच्या काळात युरोपात मेस्मरचा बोलबाला होता. माणसाच्या अंगात एक चुंबकी द्रव असतो, तो हाताच्या हालचालींनी दुसऱ्यात सोडला की रोगी झोपतो आणि बरा होतो, अशी त्याची मांडणी. फारियाने 1813 पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग केले आणि सांगितले की द्रव वगैरे झूट आहे. माझ्याकडून काहीच निघत नाही. मी फक्त 'झोपा' म्हणतो. जे घडते ते झोपणाऱ्याच्या मनात घडते, त्याच्या एकाग्रतेने, त्याच्या विश्वासाने. आज संमोहनाबद्दल बोलताना सूचनेला जे महत्त्व दिले जाते, त्याची सुरुवात इथे आहे.

समोरची माणसे माना टाकून झोपत असताना "यात माझी काहीही शक्ती नाही" असे सांगणारा माणूस मला फार विरळा वाटतो. चमत्कार पदरात पडत असताना त्याने तो परत केला. आणि पॅरिसने काय केले? एका नटाने झोपेचे सोंग घेतले, भर सभेत डोळे उघडून त्याची फटफजिती केली, लोक हसले, त्याच्यावर प्रहसन लिहिले गेले. 1819 मध्ये तो तिथेच वारला. लोकांना द्रव हवा होता. झोप आपलीच आहे, हे ऐकायला कोणी तिकीट काढत नाही. आणि शेवटी पुतळ्यातही त्याचे हात असे पसरले आहेत, की बघणाऱ्याला बोटांतून काहीतरी निघते आहे असेच वाटावे. शिल्प म्हणून ते देखणे आहे, मला आवडते. पण फारियाने त्यावर नक्की हुज्जत घातली असती.

चर्चची स्वतःची पद्धत याहून कारकुनी. संतपदासाठी चमत्कार तपासला जातो, वैद्यांचे मत घेतले जाते, वैद्यकशास्त्रात स्पष्टीकरण सापडले की फाईल बंद. बाणावलीत 1651 साली जन्मलेले आणि श्रीलंकेत हयात घालवलेले जोसेफ वाझ 2015 मध्ये संत झाले, तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या चमत्काराची अट माफ केली. गोव्यात त्यामुळे कोणाचे काही अडले नाही. ते इथे आधीपासूनच संत होते.

अडते ते बाहेरच्यांचे. देवचाराची गोष्ट बघा. गावाच्या सीमेवर, एखाद्या जुन्या झाडाखाली त्याची जागा. त्याला रोट द्यायचा, विडी द्यायची, सुरो द्यायची. खांद्यावर कांबळ आणि हातात दांडा घेऊन तो रात्री गावाची फेरी मारतो. झिजलेल्या वहाणा बदलून द्याव्या लागतात. वहाणा झिजतात हाच पुरावा. यातल्या एकाही गोष्टीला गावात कोणी चमत्कार म्हणत नाही. देवचार राखण करतो. ती त्याची नोकरी आहे आणि मोबदल्याचा हिशेब चोख आहे. देवळातल्या कौलाचे तेच. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणे घालायचे, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. 'कौल' हा शब्द अरबीतून आला, अर्थ शब्द, वचन. जमीन विकावी का, मुलीला हे स्थळ द्यावे का, हे विचारायला आलेला माणूस डोळे विस्फारून उभा नसतो. तो तलाठ्याकडे उतारा घ्यायला गेल्यासारखा, पाळीची वाट बघत, जांभया देत बसलेला असतो. (16 जानेवारी 1967 ला अख्ख्या गोव्याने महाराष्ट्रातल्या विलीनीकरणावर मत दिले, त्यालाही आम्ही जनमत कौलच म्हणतो. तिथेही दोनच पाकळ्या होत्या.)

शिरगाव डिचोलीपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे लईराईची जत्रा मी लहानपणापासून बघते. वैशाख शुद्ध पंचमी. मोगरीच्या कळ्यांचे हार, लोकरीच्या रंगीत गोंड्यांच्या वेताच्या काठ्या, तळीत न्हाऊन ओलेत्याने निघालेले धोंड, म्हणजे देवीचे व्रत धरलेले भक्त. पहाटेपूर्वी होमकुंडातून अग्निदिव्य. कथा अशी की लईराईने खेतोबाला विस्तव आणायला धाडले, तो पोरांत खेळत बसला, उशीर झाला आणि तिने रागाच्या भरात त्याला लाथ मारली. मग पश्चात्तापाने ती स्वतः निखाऱ्यांतून चालली. म्हणजे बघा, इथे आधीच कार्यकारणभाव आहे. लाथ मारली म्हणून पाय पोळवायचे. शास्त्राचेही म्हणणे आहे: कोळशातून उष्णता सावकाश वाहते, वर राखेचा थर असतो, पाऊल एका जागी क्षणभरच टेकते. 1935 मध्ये इंग्लंडात काश्मीरच्या कुडा बक्षला मोजमापे घेऊन निखाऱ्यांवर चालवले होते, पाय शाबूत राहिले. दोन्ही स्पष्टीकरणे आपापल्या जागी नीट बसतात, आणि कुंपणाशी उभी असलेली मी दरवर्षी श्वास रोखते.

3 मे 2025 च्या पहाटे तिथे चेंगराचेंगरी झाली आणि सहा माणसे गेली. त्या दिवशी पानावर हा शब्द अवतरणचिन्हांसकट कुठेच नको, हे कोणी न सांगता ठरले. वाट केवढी, गर्दी केवढी, बंदोबस्त किती, असले साधे प्रश्न होते आणि त्यांची साधीच उत्तरे हवी होती.

आमच्या वाड्यावरचा एक जण बरीच वर्षे धोंड आहे. एरवी तो ट्रक चालवतो. त्याला मी एकदा विचारले, निखाऱ्यांत पाऊल टाकतोस तेव्हा मनात काय असते?

"पुढच्याच्या काठीकडे लक्ष ठेवायचं," तो म्हणाला. "मागून रेटा असतो. थांबायचं नाय."

"देवीचं काही वाटत नाही?"

"ते आधी. पाच दिवस व्रत असतं तेव्हा. तिथं वेळ कुठे असतो ताई?"

"आणि पाय?"

"ते घरी येऊन कळतं. कधी एखादा फोड येतो, कधी नाय." तो जरा थांबला. "फोड आला तर आई विचारते, व्रतात काय चुकलं? कोणाकडे काय खाल्लंस? सगळी उलटतपासणी. नाय आला तर कोण काय विचारत नाय."